रिकाम्या शस्त्राची परीक्षा

ग्वाल्हेरच्या ज्या भागास आज लष्कर म्हणतात तो मुळात दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ होता, आणि १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस पडलेल्या त्या छावणीच्या जागी पुढे वाडे, पेठा आणि देवळे उभी राहून जे शहर वसले त्याच्या अंगी शस्त्राचा सहवास जन्मापासूनच मुरलेला आहे. शिंद्यांबरोबर दक्षिणेतून आलेल्या मराठी सरदार-शिलेदारांच्या घराण्यांत तलवारीच्या शेजारी ठासणीची बंदूक आली, बंदुकीच्या शेजारी विलायती दुनळी आली, आणि संस्थानी अमदानीच्या उत्तरार्धात कमरेला लावण्याजोगे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूलही आले. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले, फौजेची निशाणे उतरली, परंतु घराघरांतील परवान्याची हत्यारे मात्र कपाटांत आणि पेट्यांत राहिली. त्यांत चंबळच्या बीहडांचा, म्हणजे ओबडधोबड घळींचा, शेजार आणि भिंड-मुरैनाकडील इभ्रतीच्या कल्पना यांची भर पडून बंदुकीच्या परवान्यासाठी कलेक्टर-कचेरीत अर्ज करणे ही या मुलुखातील एक नित्याची गोष्ट होऊन बसली. २०१९ साली ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना मागणाऱ्या प्रत्येक अर्जदाराने आधी दहा झाडे लावून ती जगवून दाखवावीत असा दंडक घातला होता, यावरूनही अर्जदारांच्या गर्दीची कल्पना करता येईल.

याच शहराच्या नावाशी एक काळा दिवस कायमचा जोडला गेलेला आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत ज्या पिस्तुलातून महात्मा गांधींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या ते इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल अवघ्या दोन दिवसांपूर्वी ग्वाल्हेरात मिळवलेले होते. या हत्येच्या खटल्याच्या कागदपत्रांत ते पिस्तूल कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले याचा तपशील विस्ताराने आलेला आहे, आणि ज्या मराठी समाजात आपण वाढलो त्याच्याशी या तपशिलाचा इतका निकट संबंध असावा याची खंत मला तो वाचताना दर वेळी नव्याने वाटते. येथे तो इतिहास उगाळण्याचा माझा हेतू नाही. परंतु हातात मावणारे हे लहानसे यंत्र एका क्षणात काय करू शकते याचे याहून मोठे उदाहरण आपल्या देशाने पाहिलेले नाही, आणि म्हणून असे यंत्र कायद्याने आपल्या घरात ठेवणाऱ्या माणसाने त्याच्याशी कसे वागावे, ते कसे खोलावे, कसे पुसावे, कसे जोडावे, हा विषय केवळ हौसेचा राहत नाही.

या विषयावर मला सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे, की शस्त्राची निगा म्हणजे प्रामुख्याने तेल आणि चिंधी नव्हे. शस्त्र रिकामे आहे हे स्वतःच्या डोळ्याने आणि स्वतःच्या बोटाने, ठरलेल्या क्रमाने, दर वेळी सिद्ध करणे हाच त्या निगेचा गाभा होय, आणि बाकी सर्व त्यानंतरचे आहे. 'बंदूक साफ करीत असताना गोळी सुटली' अशी बातमी आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो. सुस्थितीतील आधुनिक पिस्तुलातून गोळी आपण होऊन सहसा सुटत नाही. कोणीतरी चाप ओढलेला असतो, आणि ओढताना आत काडतूस नाही अशी त्याची पक्की समजूत झालेली असते. ती समजूत कशी होते हे कळले म्हणजे अपघाताचे अर्धे रहस्य उलगडते, आणि त्यासाठी यंत्राची रचना थोडी समजून घेतली पाहिजे.

पिस्तुलाच्या मुठीत एक चपटी डबी बसते, तिला मॅगझिन म्हणतात; काडतुसे तिच्यात एकावर एक रचलेली असतात आणि खालची स्प्रिंग त्यांना सतत वर लोटीत असते. नळीवर जे पोलादी आवरण पुढेमागे सरकते ती स्लाइड. ती मागे ओढून सोडली की परत पुढे येताना मॅगझिनमधील सर्वांत वरचे काडतूस ढकलून नळीच्या मागच्या तोंडाशी असलेल्या घरात, म्हणजे चेंबरमध्ये, नेऊन बसवते. गोळी झाडली की स्फोटाच्या धक्क्याने स्लाइड मागे येते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि पुढे जाताना दुसरे काडतूस आत घालते. या रचनेत काडतुसे एकाच वेळी दोन निरनिराळ्या ठिकाणी असू शकतात, मॅगझिनमध्ये आणि चेंबरमध्ये. आणि मॅगझिन काढून टेबलावर ठेवले तरी चेंबरमधले एक काडतूस जागचे हलत नाही. ते तेथे तसेच राहते, बाहेरून दिसत नाही, आणि पिस्तुलाच्या वजनात जाणवेल इतका फरकही पडत नाही.

आता समजा, एखाद्याने घाईने क्रम उलटा केला. मॅगझिन आतच ठेवून त्याने आधी स्लाइड ओढली. चेंबरमधले काडतूस टणकन बाहेर पडले, ते त्याने डोळ्यांनी पाहिले, आणि त्याचे समाधान झाले. परंतु स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस घेऊन गेली आहे. त्यानंतर त्याने मॅगझिन काढले. आता त्याच्या हाती मॅगझिन नसलेले, आणि ज्यातून नुकतेच एक काडतूस बाहेर पडताना त्याने पाहिले असे, परंतु पूर्णपणे भरलेले पिस्तूल आहे. दोन्ही कृती त्याने केल्या, फक्त त्यांचा अनुक्रम बदलला. आधी मॅगझिन, मग चेंबर, हा क्रम जगातील प्रत्येक शस्त्रशाळेत घोकून घेतला जातो त्याचे कारण एवढेच आहे, आणि ज्या गृहस्थास हे कारण एकदा समजले तो तो क्रम पुन्हा विसरेल असे मला वाटत नाही.

यात आणखी एक फसगत दडलेली आहे. अमेरिकन शस्त्रकार जॉन ब्राउनिंग यांनी आरंभलेले आणि त्यांच्या पश्चात बेल्जियममध्ये द्यूदोने सैव यांनी १९३५ मध्ये पूर्णत्वास नेलेले हाय-पॉवर पिस्तूल आपल्या सैन्यात व पोलिसांत फार काळ वापरात आहे. इशापूरच्या रायफल फॅक्टरीत त्याचीच देशी आवृत्ती तयार होते. या पिस्तुलात मॅगझिन काढले की चापाचा आतील भागाशी असलेला संबंध तुटावा अशी योजना केलेली आहे, त्यामुळे मॅगझिनशिवाय चाप ओढला तरी घोडा पडत नाही. योजना उत्तम, परंतु सर्व पिस्तुलांत ती नसते. ज्याचा हात आयुष्यभर अशा एका पिस्तुलावर बसला, त्याने निवृत्तीनंतर दुसऱ्या जातीचे पिस्तूल घेतले आणि मॅगझिन काढून निर्धास्तपणे चाप ओढला, तर चेंबरमधली गोळी सुटणारच. याउलट ग्लॉकसारख्या काही पिस्तुलांत खोलण्यापूर्वी चाप ओढणे ही खोलण्याच्या क्रियेतीलच एक पायरी आहे. म्हणजे तपासणीत कसूर झाली असेल तर शिक्षा तत्काळ मिळते. म्हणूनच ज्या पिस्तुलाचा परवाना असेल त्याच पिस्तुलाची कारखान्याने दिलेली पुस्तिका समोर ठेवून काम करावे, मित्राच्या पिस्तुलावरून अनुमान करू नये.

लष्करातल्याच एका जुन्या वाड्यात, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांना आपल्या पुतण्यास ही तपासणी शिकवताना मी पाहिले आहे. माजघरातली मुले त्यांनी आधी बाहेर पाठवली, काडतुसांची पेटी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायला सांगितले, आणि खिडकीकडे नव्हे, शेजारच्या घराकडेही नव्हे, तर वाड्याच्या दोन हात जाडीच्या दगडी भिंतीकडे तोंड करून ते बसले. पिस्तूल हातात घेतल्यापासून त्यांची तर्जनी चापाच्या कड्याबाहेर, नळीला समांतर, सरळ पसरलेली होती. मॅगझिन निघाले, स्लाइड पूर्ण मागे येऊन अडकली, चेंबरमध्ये त्यांनी उजेडाकडे धरून पाहिले. "रिकामं आहे, काका," पुतण्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "तुला दिसलं ते ठीक," काका शांतपणे म्हणाले, "आता करंगळी घाल आणि मला सांग, कडा लागते की पितळ लागतं?" पुतण्याने करंगळीचे टोक आत घातले, नळीच्या तोंडाची धारदार पोलादी कडा त्यास लागली, आणि तो मान हलवून म्हणाला, "कडा." तेव्हा कुठे काकांनी चिंधीला हात घातला. त्यांच्या फौजी शिरस्त्याप्रमाणे हीच तपासणी पुतण्यास पुन्हा पहिल्यापासून करून दाखवावी लागली, कारण एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले शस्त्र पुन्हा भरलेलेच समजायचे असते.

स्लाइड मागे अडकवून ठेवण्याची सोय पिस्तुलापिस्तुलाप्रमाणे वेगळी असते हेही येथे सांगितले पाहिजे. वर ज्याचा उल्लेख आला त्या १९३४ च्या नमुन्याच्या बेरेटामध्ये शेवटची गोळी गेल्यावर स्लाइड उघडी राहते ती केवळ रिकाम्या मॅगझिनच्या अटकावाने. मॅगझिन बाहेर काढताच ती पुढे जाते. तेव्हा स्लाइड मिटलेली आहे एवढ्यावरून आत काय आहे वा नाही यासंबंधी काहीच ठरवता येत नाही. सेफ्टीच्या खटक्याविषयीही असेच म्हणावे लागते. तो यंत्राचा एक भाग आहे, झिजतो, अर्धवट बसतो, सवयीने उलट दिशेस लोटला जातो. त्याच्या भरवशावर नळी माणसाकडे वळवणे हा अक्षम्य प्रमाद होय.

रिव्हॉल्व्हरची गोष्ट पुष्कळ सोपी आहे, आणि म्हणूनच प्रथमच शस्त्र बाळगणाऱ्यास जाणते लोक तेच सुचवतात. कानपूरच्या सरकारी कारखान्यात अनेक वर्षे तयार होत आलेले .३२ बोअरचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर हे बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीच्या चौथ्या मार्कच्या नमुन्यावर बेतलेले आहे. अंगठ्याने बाजूची कळ दाबून नळी खाली झुकवली की ते मधोमध उघडते, आणि त्याबरोबर चांदणीच्या आकाराची एक चकती वर उचलली जाऊन सहाही काडतुसे घरांतून वर काढते. काडतुसे तळहातावर घ्यावीत, मोजावीत, आणि सहाही घरे आरपार उजेड दिसेल अशी धरावीत; येथे लपण्यास जागा नाही. मात्र एखादी पुंगळी फुगून घरात चिकटून राहिलेली असू शकते, म्हणून घरे मोजताना घाई नको. २०१४ मध्ये कानपुरातच आलेले 'निर्भीक' हे हलक्या धातूचे रिव्हॉल्व्हरही याच .३२ बोअरचे आहे, तर २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल'मध्ये नळी झुकत नाही, गोळ्यांचा सिलिंडर बाजूला बाहेर निघतो. नागरिकांच्या हाती बहुधा हाच बोअर दिसतो, कारण सैन्याच्या आणि पोलिसांच्या वापरातले कित्येक बोअर कायद्याने सर्वसामान्य परवानाधारकास वर्ज्य आहेत.

शस्त्र रिकामे ठरल्यानंतर खोलण्याचे काम आरंभावे, आणि ते कोठे थांबवावे याचाही विवेक ठेवावा. पिस्तुलाच्या बाबतीत मालकाने स्लाइड उतरवावी, स्लाइडमधील मोठी स्प्रिंग व तिचा गज काढावा, नळी वेगळी होत असेल तर करावी, आणि तेथेच थांबावे. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते, ती सुटून डोळ्यात जाऊ शकते, म्हणून चष्मा लावणे आणि तळहाताने आडोसा धरणे इष्ट. सुटे भाग पांढऱ्या धोतराच्या अथवा चादरीच्या तुकड्यावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडले, तर जोडताना तोच क्रम उलट वाचता येतो आणि बारीक पिन हरवत नाही. रिव्हॉल्व्हर तर नित्याच्या साफसफाईसाठी खोलावेच लागत नाही. उघडले की झाले. चापाची यंत्रणा, घोड्याची खाच, फायरिंग पिन, ही अंतरंगे परवानाधारक कारागिराची. घोड्याच्या त्या लहानशा खाचेवर कानस फिरवून चाप हलका करून देण्याचे जे प्रकार काही ठिकाणी चालतात त्यांतून असे शस्त्र निर्माण होते, की जे टेबलावरून पडल्यावरही सुटू शकते, आणि त्याचा दोष पुढे कारखान्याच्या माथी मारला जातो.

नळी साफ करताना गज शक्य तेथे मागच्या बाजूने घालावा, कारण नळीच्या पुढच्या तोंडाची कडा हीच गोळीस शेवटचा स्पर्श करते, आणि ती गजाच्या घर्षणाने एका बाजूस झिजली की नेम कायमचा बिघडतो. गज पितळेचा असावा, पोलादी नसावा. आत पिळाचे जे आटे असतात त्यांत शिसे, तांबे आणि जळलेल्या दारूची काजळी साचते. प्रथम द्रावक लावलेला पितळी ब्रश, थोडा वेळ थांबून मग कोऱ्या चिंध्या, त्या स्वच्छ निघेपर्यंत, आणि शेवटी तेलाचा हात लावलेली एक चिंधी, एवढ्याने काम होते. पूर्वी काडतुसाच्या बुडाशी आघाताने पेटणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, आणि त्याच्या ज्वलनातून मिठासारखा एक क्षार मागे राही, जो हवेतील ओल शोषून एका रात्रीत नळीस गंज चढवी. तेल त्या क्षारास विरघळवू शकत नाही, म्हणून जुने शिपाई नळीतून आधी कढत पाणी ओतीत आणि मग तेल लावीत. १९२० नंतरच्या काळात क्षार न सोडणाऱ्या टोप्या प्रचारात आल्या, आणि आजच्या .३२ च्या काडतुसांसाठी पाण्याचा तो विधी सहसा लागत नाही. तरी ज्यांच्याकडे वाडवडिलांची जुनी काडतुसे पडून आहेत त्यांनी ती झाडू नयेत. परवानाधारक विक्रेत्याकडे देऊन टाकावीत.

तेलाविषयी आपल्याकडे फार मोठा गैरसमज आहे. जितके तेल अधिक तितके शस्त्र सुरक्षित, ही समजूत ग्वाल्हेरच्या हवेत तर सरळसरळ चुकीची ठरते. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, लू वाहते, बीहडांकडून येणारी बारीक माती बंद कपाटातही शिरते, आणि तेलाने ओथंबलेल्या भागावर ती बसून त्याचा जो चिखल होतो तो स्लाइडच्या खाचांत कानशीचे काम करतो. फायरिंग पिनच्या भोकात शिरलेले तेल घट्ट होऊन पिनेचा जोर खाते, आणि काडतुसाच्या टोपीपर्यंत झिरपलेले तेल तिला निकामी करते. मग ऐन वेळी घोडा पडतो आणि गोळी सुटत नाही. बोटाला लागेल, पण ओघळणार नाही, इतकाच तेलाचा थर पुरे. काडतुसांना तेलाचा हात लावूच नये. याउलट आषाढ-श्रावणात हवा दमट झाली की चामड्याच्या म्यानात ठेवलेले पिस्तूल गंजते, कारण चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात शिल्लक असतात. शस्त्र म्यानात मिरवावे, साठवू नये. कोरड्या कापडात गुंडाळून कुलुपाच्या लोखंडी पेटीत ठेवावे, काडतुसे दुसऱ्या पेटीत, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नसाव्यात.

हात धुण्याविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण या बाबीकडे कोणी लक्ष देत नाही. काजळीत शिशाचे कण असतात, आणि शिसे शरीरात गेले की सहज निघत नाही. लहान मुलांच्या मेंदूस ते विशेष घातक. म्हणून ही साफसफाई स्वयंपाकघरात अथवा जेवणाच्या पाटावर करू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, काम चालू असताना सुपारीचे खांडही तोंडात टाकू नये, चिंध्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा टाकाव्यात, आणि शेवटी साबणाने हात स्वच्छ धुवावेत.

मराठी घरांत वर्षातून एक दिवस असा येतो की त्या दिवशी शस्त्र हमखास बाहेर निघते. खंडेनवमीस ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांत तलवारी, कट्यारी आणि बंदुका पाटावर मांडून त्यांची पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशी मांढऱ्यांच्या मातेच्या देवळाजवळ शिंदे घराण्याच्या शमीपूजनास सारे शहर लोटते. ही परंपरा मला अत्यंत प्रिय आहे, आणि म्हणूनच तिच्यातला एक निष्काळजीपणा मला सहन होत नाही. पूजेस मांडलेल्या पिस्तुलाची तपासणी बहुधा होत नाही. ते देव्हाऱ्यासमोर असते, सभोवती मुले बसलेली असतात, आणि नळी कोणाकडे आहे याचे भान कोणास नसते. पूजेच्या आधी ते रिकामे करावे, स्लाइड मागे अडकवून अथवा रिव्हॉल्व्हर मधून उघडून पाटावर ठेवावे, म्हणजे समोरच्या प्रत्येकास ते रिकामे दिसेल. देवीच्या पूजेत त्याने काही उणे पडत नाही. हळदकुंकू, अक्षता, पंचपात्रीतले पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या यांचा ओलावा रात्रभर पोलादावर राहिला तर कुंकवाच्या बोटाच्या आकाराचाच एक तांबूस डाग तेथे कायमचा उमटतो. असे डाग मी जुन्या घराण्यांच्या चांगल्या चांगल्या हत्यारांवर पाहिले आहेत. कुंकू मुठीच्या लाकडास लावावे, पोलादास लावू नये, आणि दसऱ्याच्या सकाळी सोने लुटण्यास जाण्यापूर्वी शस्त्र कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा हात देऊन, कुलुपात जावे.

चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या, वेळी उद्भवणारे दोन प्रसंगही परवानाधारकास ठाऊक असले पाहिजेत. घोडा पडला आणि आवाज झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण टोपी उशिराने पेटू शकते. तत्काळ नळी वळवून आत डोकावणारा मनुष्य आपला चेहरा पणास लावतो. दुसरा प्रसंग अधिक फसवा आहे: आवाज झाला, पण नेहमीपेक्षा क्षीण, धक्काही कमी. अशा वेळी गोळी बहुधा नळीतच अडकलेली असते, आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुगते वा फुटते. येथे थांबावे, शस्त्र रिकामे करावे आणि कारागिराकडे न्यावे. ग्वाल्हेरहून झाशीच्या वाटेवर टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाची अकादमी १९६६ पासून आहे. तेथील वा अन्य कोणत्याही फौजी संस्थेतील शिक्षकास विचारा, या दोन गोष्टी तो पहिल्याच पाठात सांगेल.

कायद्याने या बाबतीत काही अपेक्षा स्पष्टपणे केलेल्या आहेत. १९५९ चा शस्त्र अधिनियम मूळ आधार. २०१६ च्या शस्त्र नियमांनी पहिला परवाना मागणाऱ्यास सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेण्याची अट घातली, आणि त्या प्रशिक्षणात शस्त्र हाताळणे, झाडणे, राखणे व साठवणे हे सारे येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मुभा ठेवली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, आणि लग्नकार्यात वा मिरवणुकीत आनंदाने गोळ्या झाडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा ठरवली. ग्वाल्हेर-चंबळच्या वरातींतून ज्या घरांत दुःख शिरले त्यांना या कलमाचे महत्त्व मी सांगण्याची गरज नाही. निवडणुका जाहीर झाल्या की परवान्याची शस्त्रे ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याचा हुकूम निघतो. तेव्हा शस्त्र रिकामे करून, कोरडे पुसून, काडतुसे मोजून द्यावीत आणि क्रमांकासह पावती घ्यावी. महिन्या-दोन महिन्यांनी ते परत हाती येईल तेव्हा पहिली कृती पुन्हा तीच: मॅगझिन, चेंबर, करंगळी. मधल्या काळात ते किती हातांतून गेले हे आपणास ठाऊक नसते.

१९६० च्या मे महिन्यात विनोबा भावे चंबळच्या खोऱ्यातून पायी फिरले आणि बागी म्हणवणारे दरोडेखोर त्यांच्या पायाशी शस्त्रे ठेवू लागले. १९७२ च्या एप्रिलमध्ये मुरैना जिल्ह्यातील जौऱ्यास जयप्रकाश नारायण यांच्यासमोर तीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली. शस्त्र खाली ठेवणे हे या मुलुखात पराक्रमाचे कृत्य मानले गेले आहे, आणि ज्या घरांत आज परवानाधारक वृद्ध झाला आहे त्या घरांपुढे तोच प्रश्न निराळ्या, शांत रूपात उभा असतो. परवानाधारक निवर्तला की त्याचा परवाना संपतो, आणि कपाटातले पिस्तूल त्या क्षणापासून बेकायदा होते; मुलाने ते केवळ स्मृती म्हणून जपले तरी तो शिक्षेस पात्र ठरतो. कायद्याचे म्हणणे असे, की विनाविलंब ते नजीकच्या ठाण्यात वा विक्रेत्याकडे जमा करावे, आणि वारसास हवे असेल तर त्याने स्वतःच्या नावे अर्ज करावा. मालक हयात असतानाही, त्यास सत्तर वर्षे पूर्ण झाली असतील किंवा पंचवीस वर्षे ते शस्त्र त्याजकडे असेल, तर तो ते आपल्या वारसाच्या नावे करण्याची तजवीज करू शकतो. जुन्या वाड्यांची वाटणी होताना ट्रंकेच्या तळाशी, जरीच्या अंगरख्यात गुंडाळलेले, वीस-वीस वर्षे न उघडलेले वेब्ली आजही निघते. ते ज्या कोणाच्या दृष्टीस पडेल त्याने उचलून कोणास दाखवत फिरू नये, चाप तर मुळीच ओढू नये, आणि गंजलेले ते जबरीने उघडण्याचाही यत्न करू नये. खोलीस कुलूप घालावे, ठाण्यास कळवावे अथवा परवानाधारक विक्रेत्यास घरी बोलवावे, आणि आजोबांचा जुना परवाना सापडत असेल तर तो शोधून हाताशी ठेवावा, कारण त्यावर त्या हत्याराचा क्रमांक लिहिलेला असतो व पुढचा सारा कागदोपत्री व्यवहार त्या क्रमांकावरूनच चालतो.